ठळकपणा चौतीस

माणसामाणसांतलं अंतर मोजण्याचं यंत्र मानवाने अखेर सन २०४३ मध्ये शोधून काढलं. तपस्व्यांना जे साधलं नाही आणि कवींना ज्याबद्दल नुसतंच हळहळता आलं, ते विज्ञानाने शंभरपैकी गुण देऊन दाखवलं. अडचण एवढीच, की ज्यांनी यंत्र बनवलं त्यांना आपण काय बनवलंय याचा पत्ता नव्हता. त्यांनी आपला पायऱ्यांवरून पडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक चष्मा काढला होता. खरा शोध लावला वाईच्या मधल्या आळीतल्या शिरीष गोवंड्यांनी, एका रविवारी सकाळी, अर्धी दाढी झालेली असताना.

शिरीषराव अडुसष्ट वर्षांचे. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. पांढऱ्या कागदावरचं काळं अक्षर जरा तिरकं बसलं तरी त्यांना ते हातभरावरून दिसायचं. पुढे यंत्रंच लिहू लागली आणि आपल्या चुकाही आपणच काढू लागली, तेव्हा शिरीषराव घरी बसले. स्वभाव शांत, बोलणं बेताचं आणि कपडे बिस्किटाच्या रंगाचे. घराच्या भिंतीही बिस्किटाच्या रंगाच्या होत्या, सोफ्याची खोळही. दुपारी ते सोफ्यावर टेकले की एखादा पाहुणा चुकून त्यांच्या मांडीवर पिशवी ठेवायचा.

त्यांची पत्नी वृंदाताई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचा आवाज वर्गातला शेवटचा बाक जागा ठेवणारा. त्यांच्या डाव्या डोळ्याचा मागचा पडदा दोन वर्षांपूर्वी खराब झाला आणि तेव्हापासून त्यांना अंतराचा अंदाज येईना. सपाटीवर हे निभावतं. पण वाईत रोज संध्याकाळी नदीवर जायचं म्हणजे घाट उतरायचा, आणि घाट म्हणजे एकाच काळ्या दगडाच्या एकसारख्या पायऱ्या. वरून पाहिलं तर एक पायरी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते भल्या डोळ्यांनाही कळत नाही.

गोवंडे दांपत्याची घाट उतरायची एक पद्धत होती. शिरीषराव एक पायरी पुढे, आणि मागून वृंदाताईंचा उजवा हात त्यांच्या डाव्या खांद्यावर. लग्नाच्या पहिल्या वर्षी, कृष्णामाईच्या उत्सवात नदीची ओटी भरायला उतरताना नवी साडी पायात आली होती, तेव्हा तो हात प्रथम तिथे पडला. एकोणचाळीस वर्षं झाली. शिरीषरावांच्या सगळ्या सदऱ्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा लवकर विरायचा.

असं सगळं सुरळीत असताना शेजारी भडसावळे राहायला आले.

किशोर भडसावळे सत्तरीचे, विधुर, पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त. पांढराशुभ्र झब्बा, पांढराशुभ्र लेंगा आणि त्यावर कोळशासारख्या काळ्या रंगवलेल्या मिशा. हातात शिसवी काठी. चालायला तिची गरज नव्हती, बोलायला होती. बैलाला इंजेक्शन द्यावं त्या आवेशात ते चहाचा कप उचलत. रोज चारच्या ठोक्याला "वहिनी, आहे का घोटभर?" म्हणत हजर व्हायचे, आणि वहिनींकडे घोटभर असायचाच. शिरीषरावांना हे आवडत नव्हतं. पण आवडत नाही असं म्हणावं, तर 'का?' असं कुणीतरी विचारणार. म्हणून ते गप्प बसत आणि आणखी बिस्किटासारखे दिसत.

चष्मा आणला डॉ. शलाका इनामदारांनी. चाळिशीच्या, तुटक बोलणाऱ्या नेत्रशास्त्रज्ञ. 'पायरी प्रकल्प' नावाच्या त्यांच्या योजनेत वाईतल्या अठ्ठावीस ज्येष्ठांना हे चष्मे वापरायला मिळणार होते. समजावून सांगायला त्यांनी सगळ्यांना एका सभागृहात बोलावलं.

"पाऊस उघडला की पांडवगड कसा दिसतो?" त्यांनी विचारलं.

"जवळ! असा हात लावावा!" पहिल्या रांगेतल्या भडसावळ्यांनी गडाला हात लावून दाखवला. माईक आडवा झाला.

"आणि उन्हाळ्यात, हवेत धुरळा असताना?"

"मागे सरकल्यासारखा," वृंदाताई म्हणाल्या.

"बरोबर. गड काही हलत नाही. पण लांबची वस्तू हवेतून फिकी दिसते आणि जवळची गडद, हे मेंदू लहानपणापासून शिकलेला असतो. त्यामुळे तो उलटंही धरून चालतो. ठळक दिसलं की जवळ, फिकं दिसलं की लांब. दोन्ही डोळे धड असले तर ते एकमेकांशी पडताळून ही चूक सुधारतात. एक डोळा अधू झाला की पडताळायला कुणी उरत नाही. मग मेंदू सगळी भिस्त ठळकपणावर टाकतो."

चष्मा करायचा ते एवढंच. काडीत बारीक कॅमेरा होता. काचेतून दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला चष्मा शून्य ते शंभर असा ठळकपणा द्यायचा. पायरीची कड गडद करायची आणि तिच्याखालची जागा फिकट. लगेच पायाला समजतं, इथे खाली आहे. पण सगळंच ठळक केलं तर काहीच ठळक राहत नाही. त्यामुळे काही गोष्टी वर चढवायच्या तर काही खाली उतरवाव्या लागतात. काय चढवायचं आणि काय उतरवायचं हे चष्मा वापरणाऱ्याच्या डोळ्यांवरून आणि हातांवरून आपलं आपण शिकणार होता.

"दर रविवारी घरातल्या एकाच्या फोनवर यादी येईल," शलाकाबाई म्हणाल्या. "त्या व्यक्तीला आम्ही पालक म्हणतो. वृंदाताईंचे पालक कोण?"

शिरीषरावांनी अर्धा हात वर केला. सभागृहाच्याही बिस्किटी भिंतीपुढे तो बाईंना तिसऱ्या वेळी दिसला. सोबत एक चोवीस पानी पुस्तिका मिळाली. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं वाचून कंटाळलेल्या शिरीषरावांनी ती फोनखाली ठेवून दिली.

पहिल्या रविवारी दाढी करताना फोन वाजला. यादी अशी होती:

घाटाची पायरी ९६. गॅसची शेगडी ९३. भडसावळे ९१. मोरीचा उंबरा ८८.

मग खुर्च्या, टेबलाचे कोपरे, मांजर. बरंच खाली: पंखा ३५. शिरीष ३४. तुळस ३३.

शिरीषरावांनी वस्तरा खाली ठेवला. ठळक ते जवळ आणि फिकं ते लांब, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आता स्वतःच्या डोळ्यांनी वाचत होते. तीस वर्षांच्या सवयीने त्यांनी यादी पुन्हा तपासली. कुठे छपाईची चूक नव्हती. त्यांची पत्नी ज्या जगात वावरत होती त्यात भडसावळे शेगडीइतके जवळ होते आणि स्वतः ते पंख्याच्याही पलीकडे. तुळशीवर एका गुणाने आघाडी होती. ती कशाच्या जोरावर, ते कळायला मार्ग नव्हता.

अर्ध्या दाढीनिशी ते स्वयंपाकघरात गेले. वृंदाताई चष्मा लावून पोहे परतत होत्या.

"वृंदा, मी तुला कसा दिसतो?"

"कसा म्हणजे? साबण लागलाय कानाला."

"तसं नाही. जवळ की लांब?"

"अहो, दारात उभे आहात ते. पोहे करपतील, उगाच काहीतरी विचारू नका."

"आणि भडसावळे?"

"ते कुठे आलेत एवढ्यात? चारला येतील." आणि वृंदाताई हसल्या.

त्या का हसल्या हे शिरीषरावांना कळलं नाही. चारला भडसावळे आले तेव्हा ते कोपऱ्यातून नुसते पाहत राहिले. काळ्या मिशा, पांढरा झब्बा. माणूस काय, पहिल्या पानावरचा मथळाच होता. बोलता बोलता त्यांनी काठी फिरवली, आणि वृंदाताई चपळाईने मान खाली घालून पुन्हा हसल्या. त्यांनी चहा देताना कप दोन्ही हातांनी धरून, अगदी नीट बघून, भडसावळ्यांच्या हातात ठेवला. शिरीषरावांचा कप त्यांनी खिडकीबाहेर बघत बाजूला धरला, आणि शिरीषरावांनी तो घेतला. एकोणचाळीस वर्षं तो असाच येत होता. आज पहिल्यांदा त्यांना तो अपमान वाटला.

सोमवारी शिरीषरावांनी दोन पांढरेशुभ्र झब्बे आणले. मंगळवारी मिशा राखायला सुरुवात केली. गुरुवारी ओठांवर जे काही उगवलं होतं ते त्यांनी काळं केलं.

"ओठाला काय लागलंय?" वृंदाताईंनी विचारलं.

"मिशी आहे."

"बरं," वृंदाताई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. हसू आवरायचं असलं की त्या तसं करत.

शुक्रवारी शिरीषराव काळं जाकीट घालून पांढऱ्या फ्रिजपुढे उभे राहिले. तासाभराने वृंदाताईंनी फ्रिज उघडायचा म्हणून त्यांना सरकवलं. पुढच्या रविवारी निकाल लागला. शिरीष ३६. भडसावळे ९३.

अभ्यास करूनही वर्गातला तो एकच पोरगा पुढे राहावा, तसं शिरीषरावांना झालं. आणि तसल्या पोरांना जे सुचतं तेच त्यांनाही सुचलं.

पालकाच्या फोनवर 'दुरुस्ती' असं एक बटण होतं. घरात नवं कपाट आलं किंवा जुनी खाट गेली, तर चष्म्याला कळवण्यासाठी. दुपारी वृंदाताई चष्मा काढून आडव्या झाल्या होत्या. शिरीषराव ओसरीवर बसले, आणि आपल्या नावापुढचे छत्तीस खोडून त्यांनी शंभर टाकले. फोनने कारण विचारलं. 'वस्तू नवीन आहे' असा पर्याय होता. तो त्यांनी दाबला. मग भडसावळे. त्र्याण्णव खोडून पाच. पुन्हा कारण. 'वस्तू हलवली', 'वस्तू मोडली', 'वस्तू घरातून काढून टाकली'.

शेवटचा पर्याय दाबताना त्यांना फार बरं वाटलं.

परिणाम चहालाच दिसला. वृंदाताई ट्रे घेऊन आल्या आणि दचकल्या. "अहो, किती अंगावर येताय!"

शिरीषराव चार हात लांब होते. आपण अंगावर येतो, असा आरोप त्यांच्यावर अख्ख्या संसारात झाला नव्हता. ते लाजले.

"आणि भावजी, बरं नाही का तुम्हाला? असे फिके का दिसताय?"

"मी? ठणठणीत आहे की वहिनी!" भडसावळे मिशांवरून हात फिरवत म्हणाले. पण जाताना त्यांनी आरशात जीभ काढून पाहिली.

त्या आठवड्यात शिरीषरावांनी आयुष्य पुन्हा नव्याने सुरू केलं. पत्नी त्यांच्याकडे बघायची. अगदी निरखून बघायची. ताट पुढे करताना ते त्यांच्या हातापासून वीतभर अलीकडेच सोडायची, हे जरा गैरसोयीचं होतं. दोन कप फुटले, एकदा आमटी लेंग्यावर आली. त्यांनी ते प्रेमाच्या खर्चात टाकलं.

फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. फिका माणूस लांब वाटतो, पण तो असतो तिथेच असतो. मंगळवारी वृंदाताई दारातून बाहेर निघाल्या आणि भडसावळे आत येत होते. वृंदाताईंच्या लेखी ते अजून फाटकापाशी होते. त्या सरळ त्यांच्या छातीवर जाऊन आदळल्या. "अगंबाई!" म्हणत सावरण्यासाठी त्यांनी झब्बा धरला. बुधवारी अंगणात तेच. गुरुवारी तर दोघांची कपाळं एकमेकांवर आपटली, आणि भडसावळ्यांनी वहिनींच्या कपाळाला लावायला स्वतःच्या घरून कैलासजीवन आणलं.

एक्क्याण्णव ठळकपणा असताना भडसावळ्यांचं बोटही कधी लागलं नव्हतं. पाचावर आणल्यापासून ते रोज मिठीत येत होते. शिरीषरावांनी रागाच्या भरात पाचाचा शून्य केला.

शनिवारी त्यांच्या घाटावर कृष्णामाईच्या उत्सवाची पाळी होती. मांडव, सनई, प्रसादाची पंगत. आळीतल्या बायका ओटी भरायला उतरत होत्या. वृंदाताई हिरव्या साडीत, ताटात खण, नारळ, तांदूळ. शिरीषराव पांढऱ्या झब्ब्यात, मिशीला नवा हात दिलेला. नेहमीप्रमाणे ते एक पायरी पुढे झाले. खालच्या पायऱ्यांवर बाजूला भडसावळे पत्रावळ घेऊन बसले होते, पण आज शिरीषरावांना त्यांचं काही वाटत नव्हतं. तो माणूस शून्य होता.

वृंदाताईंनी ताट डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात खांद्यावर ठेवला.

हात हवेतच मिटला.

खांदा त्यांना जिथे दिसत होता त्याच्या वीतभर पुढे होता. अंगाचा भार आधीच पुढे झुकला होता. शिरीषरावांना मागून नुसतं "अहो—" ऐकू आलं, आणि ते वळेपर्यंत त्यांच्या बाजूने एक हिरवी साडी, एक ताट आणि एक नारळ खाली गेला. नारळ पायरी पायरी करत थेट नदीत गेला. ओटी तेवढी नदीला पोचली. वृंदाताई पोचल्या भडसावळ्यांच्या मांडीत, पत्रावळीसकट. अख्ख्या घाटाने ते पाहिलं. शिरीषरावांच्या जन्मभराच्या सगळ्या भीती एकाच चित्रात, दिवसाउजेडी, सनईच्या सुरात समोर मांडल्या होत्या. पण त्यांना भडसावळे दिसलेच नाहीत. त्यांना फक्त वृंदाताईंचं मनगट दिसलं. ते भलत्याच बाजूला वळलं होतं.

सोमवारी डॉ. शलाका इनामदार घरी आल्या. वृंदाताईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. भडसावळे पाय मुरगळल्यामुळे सोफ्यावर पाय वर करून बसले होते. त्या सोफ्यावर ते फार उठून दिसत होते.

"आकडे उलटे झालेत," शलाकाबाई आपल्या यंत्राकडे बघत म्हणाल्या. "कसे, ते माझ्याकडे दिसत नाही. पण चष्म्याने आपल्या मनाने असं केलं असेल तर तो कुणाच्याच डोळ्यांवर ठेवता येणार नाही. वाईतले अठ्ठावीसच्या अठ्ठावीस मी आज परत घेऊन चाललेय."

"दातेआजींचाही?" वृंदाताईंनी विचारलं.

"त्यांचाही."

दातेआजी चार वर्षांनी गेल्या आठवड्यात प्रथमच नदीला पाय लावून आल्या होत्या. आल्यावर त्यांनी आळीत प्रत्येक घरी जाऊन ते सांगितलं होतं. शिरीषरावांच्या घरी दोनदा.

शिरीषराव भिंतीला टेकून उभे होते. आज त्यांनी पुन्हा बिस्किटी सदरा घातला होता. गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. यंत्राची चूक, यंत्रं तरी कुठे तक्रार करतात? त्यांनी प्लास्टरकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढला आणि शलाकाबाईंच्या हातात दिला.

शलाकाबाईंनी दुरुस्तीची नोंद उघडली आणि सवयीने मोठ्याने वाचली. "शिरीष, छत्तीसचे शंभर. कारण, वस्तू नवीन आहे. भडसावळे, त्र्याण्णवचे पाच, पाचाचा शून्य. कारण, वस्तू घरातून..." त्या थांबल्या.

"काय? वस्तू घरातून काय?" भडसावळे म्हणाले.

"काढून टाकली," शिरीषराव म्हणाले. "मी केलं. ते तुला जवळचे होते आणि मी लांबचा. यादीतच होतं तसं."

शलाकाबाईंनी विचारलं, "पान एकोणीस वाचलंत?"

फोनखालची पुस्तिका आली. पान एकोणीसवर लिहिलं होतं, की चष्मा त्याच गोष्टी ठळक करतो ज्यांच्यापासून सांभाळून राहायला हवं. आणि ज्यांच्याकडे न बघताही वापरणाऱ्याचा हात बिनचूक जातो, त्या फिक्या सोडून देतो.

"भडसावळेकाका एक्क्याण्णव, कारण पहिल्या आठवड्यात त्यांची काठी वृंदाताईंच्या कानावरून तीन वेळा गेली," शलाकाबाई म्हणाल्या. "धोक्याच्या वस्तूंत ते शेगडीखालोखाल आहेत."

"मी?" भडसावळ्यांनी दोन्ही हात पसरले. टेबलावरची फुलदाणी गेली.

"आणि हे बघा. त्या आठवड्यात वृंदाताईंचा हात तुमच्या खांद्याकडे एकेचाळीस वेळा गेला, शिरीषकाका. त्याआधी त्यांनी डोळ्यांनी खात्री किती वेळा केली? एकदाही नाही. घाटाला त्या बघतात, उंबऱ्याला बघतात. तुम्हाला बघत नाहीत. चौतीस म्हणजे चष्मा म्हणतोय, इथे माझं काम नाही."

शिरीषरावांनी पान एकोणीस पुन्हा वाचलं. आपल्याला काय मिळालं होतं ते आत्ता कळत होतं, आणि ते आपल्याच बोटाने खोडलं होतं. ते वृंदाताईंकडे वळले. त्या हसतील असं त्यांना वाटलं. त्या हसत नव्हत्या.

"हेवा वाटला, वाटू दे," वृंदाताई म्हणाल्या. "मिशी रंगवलीत, तेही चालवून घेतलं. पण माझ्या डोळ्यांत हात घातलात तुम्ही. न विचारता." आणि मग वर्गातल्या आवाजात, "बाई, पालक बदला."

"कुणाचं नाव घालू?"

"भावजींचं."

आकडे पुसून चष्म्याला पुन्हा पहिल्यापासून शिकायला सोडलं. अठ्ठावीस चष्मे वाईत राहिले. शिकलेल्या चष्म्याने पुढच्या रविवारी जी यादी पाठवली ती भडसावळ्यांनी कुंपणावरून वाचून दाखवली.

"शिरीषराव! अठ्ठ्याण्णव! घाटाच्या वर आहात तुम्ही! मी आपला नव्वदावर." त्यांच्या आवाजात जरा असूया होती. शेजारी आल्यापासून पहिल्यांदा ते कुठेतरी दुसरे आले होते, निदान त्यांना तसं वाटत होतं.

शिरीषराव अख्ख्या घरात सर्वांत ठळक वस्तू झाले. वृंदाताई त्यांच्याकडे सतत बघत. ते खोलीत आले की बघत, हात पुढे केला की बघत, चहा देताना कप दोन्ही हातांनी धरून अगदी नीट बघून त्यांच्या हातात ठेवत. शिरीषराव कप घेऊन खिडकीबाहेर बघत बसत.

"हे खाली कसं येतं?" त्यांनी शलाकाबाईंना फोन करून विचारलं.

"आपोआप. रोज एकाच जागी उभे राहा. त्यांचा हात येईल तेव्हा तिथे असा. बाकी काही करू नका. विशेषतः काहीच करू नका."

ते रोज संध्याकाळी घाटावर एक पायरी पुढे उभे राहू लागले. बिस्किटी सदरा, मिशी काढलेली. पण वृंदाताईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि डाव्या हातात भडसावळ्यांनी दिलेली शिसवी काठी. काठी टेकत, कड बघत त्या एकट्या उतरत. शिरीषराव पुढे पाठ करून चालत आणि मागची टकटक ऐकत. तीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या माणसाला आता एका लाकडाचा हेवा वाटू लागला होता.

"काठी किती?" एका रविवारी त्यांनी कुंपणाशी जाऊन विचारलं.

"एकतीस," भडसावळे अभिमानाने म्हणाले. "माझीच आहे ना ती. तुम्ही ब्याण्णव. उतरताय, उतरताय, धीर धरा."

मग सत्त्याऐंशी. मग ब्याऐंशी. भडसावळे आकडा असा ओरडायचे की आळीतली माणसं क्रिकेटचा सामना समजून थांबायची. दातेआजी तर दर रविवारी विचारून जात, "गोवंड्यांचं किती झालं?" प्लास्टर निघालं. हात मोकळा झाला. खांद्यावर तरी तो आला नाही. शिरीषरावांनी मागे वळून पाहिलं नाही. वळलं की खांदा हलतो.

त्या गुरुवारी आकाश स्वच्छ होतं. आदल्या रात्री वळवाची सर येऊन हवा धुऊन गेली होती आणि पांडवगड एवढा जवळ दिसत होता की त्याच्यावरची झाडं मोजावीत. सातव्या पायरीवर मागची टकटक थांबली. शिरीषरावही थांबले. काठी दगडावर टेकवून ठेवल्याचा आवाज आला.

आणि डाव्या खांद्यावर, विरलेल्या जागी, हात पडला. चाचपडत नाही, अडखळत नाही. नेहमी पडायचा तसा, त्याच बोटांनी.

किती झाले असतील आपण? साठ? पन्नास? चौतीस? त्यांना एकोणचाळीस वर्षांचं सगळं एकदम बोलायचं होतं. हेव्याबद्दल, बिस्किटाच्या रंगाबद्दल, चहाच्या त्या कपाबद्दल जो खिडकीबाहेर बघत पुढे यायचा. शब्द मनातल्या मनात दोनदा तपासून त्यांनी समोर नदीकडे बघतच सुरुवात केली.

"वृंदा, तू आत्ता न बघता..."

"अहो, बोलू नका, हलताय तुम्ही," मागून वृंदाताई एका पायावर उभ्या राहत म्हणाल्या. "चपलेत खडा गेलाय माझ्या, तेवढा काढा बघू."